ग्राफिक्स कार्डाशिवाय पीसी: रायझेन ५ ५६००जी जोडताना

५६००जी हा प्रोसेसर घेतला तो ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवायला. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट आणि आतच वेगा ७ ग्राफिक्स. या वेगा ७ ला स्वतःची मेमरी नाही, ती रॅममधूनच घेते. म्हणून बजेट आखताना मी प्रोसेसरनंतर लगेच रॅमकडे वळलो. डीडीआर४-३२०० ची १६ जीबीची एकच पट्टी लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो. ८ जीबीच्या दोन लावल्या की तोच आकडा ५१.२ होतो. गेममध्ये हा फरक सरळ डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये पट्ट्या बसवल्या. पहिल्या दोनमध्ये घातल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटेवर) जातात आणि दोन पट्ट्या घेतल्याचा फायदाच उरत नाही.

बोर्ड बी४५० चिपसेटचा, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपचा. चिपसेट २०१८ चा, प्रोसेसर २०२१ चा. बायोस, म्हणजे बोर्डमधला पीसी सुरू करणारा प्रोग्राम, जुना असेल तर तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच राहते आणि माणूस उगाच रॅम काढ-घाल करत बसतो. मी दुकानातच बायोस अपडेट करून घेतला.

पिना प्रोसेसरलाच असतात. सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळला की प्रोसेसर आपसूक बसतो, दाबायचा नाही. सोबतचा कूलर चार स्क्रूंवर बसतो. त्यासाठी बोर्डवरचे प्लास्टिकचे कंस काढले की मागची प्लेट सुटते, ती हाताने धरून ठेवली. स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळले.

एचडीएमआय केबल बोर्डच्याच पोर्टला. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा ठरलेला वेग लावणारी सेटिंग) चालू केलं, नाहीतर रॅम ३२०० वर चालत नाही. यूएमए फ्रेम बफर, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम, २ जीबी ठेवला. मग विंडोजला वापरायला १४ जीबीच्या आसपास रॅम उरते, ते बरोबरच आहे. 'ऑटो'वर बहुधा ५१२ एमबीच मिळते आणि सुरू होताना ग्राफिक्स मेमरी तपासणारे काही गेम तिथेच अडतात.

एसएसडी तिसऱ्या पिढीचीच घेतली. एसएसडी ज्या पीसीआयई जोडणीवर चालते, तिच्या ३.० म्हणजे तिसऱ्या पिढीच्या पुढे ५६००जी जात नाही, त्यामुळे बोर्ड नवा असला तरी चौथ्या पिढीच्या वेगाचे पैसे इथे वाया जातात. एव्ही१ या फॉरमॅटचा व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोयही वेगा ७ मध्ये नाही. यूट्यूबवर असा व्हिडिओ लागला की तो भार कोरवर येतो. १०८०पी ला सहा कोर आरामात पुरतात.