कचरा डेपोखालचं पाणी ‘साफ झालं’ म्हणजे काय?

डेपोलगतचं भूजल साफ झालं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आधी विचारतो, पंप बंद करून किती दिवस झाले? पाणी उपसून शुद्ध करायला घेतलं की पहिली वर्षं आकडे भराभर उतरतात. वाळूतलं पाणी लवकर निघून येतं. पण शेजारच्या चिकणमातीच्या थरांत वर्षानुवर्षं मुरलेली घाण तिथेच असते. उपसा थांबला की ती सावकाश वाळूत उतरते आणि आकडे पुन्हा चढतात. तोवर समारंभ उरकलेला असतो.

माझं काम निरीक्षण विहिरींचे नमुने घेण्याचं. उताराकडच्या विहिरीचं पाणी वर येतं तेव्हा बऱ्याचदा नितळ असतं. बाटली उघडी ठेवली की ते पिवळट, मग तांबूस होतं आणि तळाशी गेरूसारखा गाळ बसतो. हे लोह कचऱ्यातल्या पत्र्याडब्यांचंच असेल असं नाही. झिरपलेल्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, आणि मग मातीतल्याच मँगनीज-लोहाच्या ऑक्साइडांवर येतात. ती विरघळली की त्यांना चिकटलेलं आर्सेनिकही सुटतं. कचऱ्यात आर्सेनिक नसलं तरी विहिरीत सापडतं ते असं. म्हणून नमुना विहिरीपाशीच गाळून त्यात आम्ल घालायचं. नाहीतर वाटेत लोहाचा गाळ बसतो, आर्सेनिकला सोबत घेऊन बसतो, प्रयोगशाळेत तो गाळला जातो आणि अहवाल उगाच गोड येतो.

मला मनापासून आवडलेला उपाय म्हणजे जमिनीतली लोखंडाची भिंत. 1991 साली कॅनडातल्या बोर्डन लष्करी तळावर वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी वाहत्या भूजलाच्या वाटेत लोखंडाचे कण मिसळलेली वाळू भरली. पाणी आपणहून त्यातून जातं आणि क्लोरीनयुक्त द्रावकं (ग्रीस वगैरे विरघळवणारी रसायनं) मोडतात. पंप नाही, वीज नाही. पण अमोनियापुढे ही भिंत काही कामाची नाही, आणि डेपोचं खरं दुखणं बहुधा अमोनियाच असतं. पीएफएएस, म्हणजे सहजी न मोडणारी फ्लोरिनयुक्त रसायनं, असतील तर सक्रिय कार्बन त्यांना धरतो, नष्ट करत नाही. तो वापरलेला कार्बन पुढे कुठे जातो, हेही विचारून बघा.

माझं मत विचाराल तर आधी वरून पाऊस अडवा आणि तळाचं लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं पाणी, काढत राहा. उगम आटला की कडेला, जिथे ऑक्सिजन असलेलं पाणी मिसळतं, तिथे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करू लागतात. याला काही जण ‘काहीच न करणं’ म्हणतात. म्हणोत, पण त्यासाठी वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं, आणि नेमकी त्याच खर्चाची फाईल अडते.

मोजताना लांबच्या विहिरीत अमोनिया शून्य दिसला म्हणून खूश होऊ नका. अमोनियम (पाण्यात अमोनिया बहुतेक याच रूपात असतो) चिकणमातीला धरून रेंगाळतो, लीचेटमधलाच क्लोराइड मात्र पाण्याच्याच वेगाने पुढे जातो. तिथला क्लोराइड दरवेळी थोडा थोडा चढत असेल, तर मी पुढची विहीर उताराकडे आणखी लांब खणायला सांगतो.