एक इंजिन, आठ प्लग

मे महिन्यात नागपुरात ट्रेनिंगची उड्डाणं उजाडताच उरकावी लागतात. पारा 45 वर गेला की हवा विरळ होते. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर, पण त्या उन्हात विमान पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. 110 अश्वशक्तीच्या सेसना 152 या छोट्या ट्रेनिंग विमानाचा तिथे जीव मेटाकुटीला येतो. म्हणून सकाळी सकाळी रन-अपवरूनच, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीवरूनच, विमान परत आलं की आम्हा मेंटेनन्सवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

त्या दिवशीचा स्नॅग, म्हणजे बिघाड, असा: डाव्या मॅग्नेटोवर इंजिन थरथरतंय. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र; इंजिनाला असे दोन, डावा आणि उजवा. 1700 आरपीएमवर (मिनिटाला 1700 फेरे) एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती घसरतात ते बघतात. 125 पर्यंत घसरण चालते, इथे काटा दोनशेच्या पार गेलेला. मिश्रण लीन करून, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी करून, प्लग जाळून साफ होतात का, तेही इन्स्ट्रक्टरने करून पाहिलं होतं.

विमान शिकणाऱ्या मुलीचे वडील नेमके त्याच दिवशी पास काढून आले होते. काटोलकडचे संत्रावाले. हँगरच्या दारातून त्यांनी विचारलं, "साहेब, याले इंजिन एकच हाये न? वरतं बंद पडलं त?"

"काका, आधी पंख्यापासून दूर उभे राहा," मी म्हटलं. चावी काढलेली असली तरी प्रोपेलरला हात लावायचा नसतो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरलं की तो स्वतःच वीज तयार करतो, आणि चावीकडून येणारी वायर तुटलेली असेल तर नुसत्या हातानं फिरवूनही ठिणगी पडू शकते.

इंजिन फक्त डाव्या मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवलं, बंद केलं, काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं. मग चारही सिलिंडरच्या एक्झॉस्टवर पाण्याचे थेंब टाकले. तिघांवर चर्र करून उडून गेले, चौथ्यावर ओघळले. तो सिलिंडर थंड, म्हणजे त्याचा डाव्या मॅग्नेटोवरचा प्लग मेलेला. काका वाकून बघत राहिले. एवढ्या महागड्या यंत्राची नाडी पाण्याच्या थेंबानं बघतात, हे त्यांना पटेना.

खालचा प्लग काढला. टोकाशी शिशाचे बारीक मणी अडकलेले. एव्हिएशन पेट्रोलमध्ये शिसं असतं आणि जमिनीवर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, मिश्रणात रेंगाळलं की ते असं साठतं. खरं तर तो सिलिंडर मेलेला नव्हताच. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंचे. दोन्ही चालू असताना दुसऱ्या प्लगवर त्याचं काम भागत होतं.

प्लग साफ होईपर्यंत काकांच्या प्रश्नाकडे वळलो. राईट बंधूंचं 1903 चं विमान 12 अश्वशक्तीच्या एकाच इंजिनावर उडालं, पंखे दोन होते तरी. फ्रेंच वैमानिक ब्लेरिओनं 1909 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली ती 25 अश्वशक्तीवर. 1932 मध्ये जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले, तेही एका इंजिनाच्या पस मॉथमधून. (नागपूरकर रात्रीच्या टपाल विमानांच्या आठवणी सांगतात, पण 1949 नंतरची ती डकोटा दोन इंजिनांची.) मला सगळ्यात पटतो तो अमेरिकन वैमानिक लिंडबर्गचा हिशेब. 1926 मध्ये तीन इंजिनांचं एक विमान अटलांटिक ओलांडायला निघताना, उड्डाण घेतानाच कोसळलं, दोघे गेले. लिंडबर्गचं म्हणणं, तीन इंजिनं म्हणजे बिघाडाची शक्यता तिप्पट, आणि इंधनानं खच्चून भरलेलं विमान उरलेल्या दोघांवर तरंगणारही नाही. 1927 मध्ये तो एका इंजिनावर न्यूयॉर्कहून साडेतेहतीस तासांत पॅरिसला पोचला.

"मंग बंद पडतच नाही?"

पडतं, मी म्हटलं. पण पडलं म्हणून दगडासारखं खाली येत नाही. तीन हजार फुटांवरून साधारण आठ किलोमीटर घसरत जाता येतं. तुमची मुलगी हेच तर शिकते, खाली मोकळं शेत सतत हेरून ठेवायला.

"शेतात उतरवन? कापूस असन त?"

प्लग गॅप तपासून, टेस्टरवर दाबाखाली ठिणगी बघून बसवला. रन-अपला घसरण 70. मी सही केली, पण ऊन चढलं होतं. इन्स्ट्रक्टरनं मुलीची सॉर्टी (सरावाचं उड्डाण) दुसऱ्या दिवशी पहाटे ठेवली. काका निघताना परत वळले.

"साहेब, आमच्या फवाऱ्याच्या पंपाले एकच प्लग काहून देते मंग?"