तासाची सायकल

आमच्या आबाजींनी जन्मात कोणाला 'नवीन सायकल घे' असा सल्ला दिला नाही. चिमट्याला तडा गेलेला असो नाहीतर रिमचा पार आठ झालेला असो, गिऱ्हाईक तोंड पाडून उभं राहिलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "टेकव तिथं. पायतो." मग दोन दिवस ती सायकल चाकं वर करून कडुलिंबाखाली पडलेली असायची. तिसऱ्या दिवशी मालक तिच्यावर बसून गहू दळायला निघालेला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. बसथांब्याला लागून पत्र्याचं दुकान, पाटी नाही. झाडाच्या फांदीला लटकवलेले जुने टायर हीच पाटी. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची शकुंतला, म्हणजे आमची छोट्या रुळांवरची आगगाडी, त्या काळी धावत होती. धावत होती हा शब्द तिच्याबाबतीत जरा जास्तच झाला. आबाजींचा ठाम दावा होता की त्यांनी चाकाचा आउट काढून, म्हणजे वाकडं चाक सरळ करून दिलेली सायकल शकुंतलेच्या आधी दारव्ह्याला पोचते. कोणी पैज लावली नाही, कारण तो दावा खरा असण्याची बरीच शक्यता होती.

काळ्या मातीनं आमचं घर चालवलं असं सांगितलं की लोकांना वाटतं शेती होती. गुंठाभरही नव्हती. पण ही माती पहिल्या पावसात अशी चिकटते की टायर आणि मडगार्डमधली फट गाऱ्यानं गच्च भरते आणि चाक फिरेनासं होतं. मग माणसाला सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. त्यामुळे शहाणी माणसं आषाढ लागायच्या आत मडगार्ड काढूनच टाकायची, आणि ती ठेवायला जागा म्हणजे आमचा माळा. प्रत्येकावर खडूनं नाव. दसऱ्याला परत बसवून द्यायचं. एवढे महिने सांभाळल्याचं भाडं घ्यावं हे आबाजींना कधी सुचलं नाही, आणि आजीला सुचलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. पारा 45 च्या वर गेला की ट्यूबवरची ठिगळं सुटायला लागतात, आणि टम्म हवा भरून उन्हात ठेवलेली सायकल भर दुपारी फटाक्यासारखी वाजते. आबाजी मे महिन्यात जाणून हवा थोडी कमीच ठेवायचे. "जास्त मार ना मिस्त्री," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कायले? फुटली तं मंग माह्याकडंच येशीन."

पंक्चरचे पैसे मात्र सहसा लगेच मिळायचे नाहीत. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, आणि पुढं कितीतरी वर्षं गावाचा सगळा व्यवहार चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे हाती येण्यावर, टांगलेला राहिला. किराणा चुकाऱ्यावर, पोरीचं लग्न चुकाऱ्यावर, तसं पंक्चरही चुकाऱ्यावर. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की आबाजी वही झटकून वर काढायचे. मागायला मात्र कोणाच्या दारी जायचे नाहीत.

खरं सांगायचं तर आबाजी लाड करणारे वाटायचे नाहीत. भाड्यानं द्यायला त्यांच्याकडे सहा सायकली होत्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेल्या. तासाला एक रुपया. आम्हा नातवंडांनी पाच नंबरची छोटी सायकल नेली तरी वहीत नाव चढायचं, नेल्याची वेळ लिहिली जायची, आणली की पुन्हा वेळ. दहा मिनिटं उशीर झाला तर तेही. मला याचा भयंकर राग यायचा. रविवारी संध्याकाळी हिशोब करताना ते बंडीच्या खिशातून नाणी काढायचे आणि आमच्या नावापुढचे तेवढे पैसे गल्ल्यात टाकायचे. आजी हसायची, "या खिशातून त्या खिशात! काय फायदा बाप्पा?" आबाजी गंभीरपणे म्हणायचे, "हा खिसा घराचा, थो गल्ला दुकानाचा. दुकानाले नातू नसते."

हेच आबाजी पोळा जवळ आला की दोन दिवस गिऱ्हाइकाकडे बघायचे नाहीत. तान्ह्या पोळ्याला प्रत्येक पोराजवळ लाकडी नंदी असतो, पण त्याची चाकं बहुधा लाकडाचीच, खडखडणारी. आमच्या नंदीला आबाजी सायकलचे छर्रे घालून, ग्रीस भरून चाकं बसवायचे. तो नंदी इतका गुळगुळीत पळायचा की मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर एकदा माझ्या हातून सुटला आणि थेट पाटलांच्या ओट्यावर जाऊन आदळला. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन दारी आलेल्या पोराला द्यायची ओवाळणी, मात्र पाटलीणबाईंनी दुप्पट दिला. बक्षीस नंदीच्या सजावटीला असायचं, चाकांना नव्हे, त्यामुळे ते दरवर्षी दुसऱ्याच कोणाला मिळायचं आणि आबाजी परीक्षकांना सायकलमधलं काही कळत नाही म्हणून चिडायचे.

मोटारसायकली आल्या आणि भाड्याच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. दुकान मिटतंय असं वाटत असतानाच मानव विकास या सरकारी योजनेच्या सायकली आल्या. लांबून शाळेत येणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारकडून मिळालेल्या. सकाळी साडेनऊला दुकानापुढं वेण्यांची रांग लागायची. आबाजींनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. मुलींना ते पंक्चर काढून द्यायचे नाहीत, पट्टी आणि कानस हातात द्यायचे. "घमेल्यात बुडव. बुडबुडा कुठून येते, पाय." शाळेला उशीर झाला म्हणून एक मास्तर भांडायलाही आले होते. त्यांचीही सायकल दुरुस्त करून पाठवली.

जून 2020 मध्ये ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी पेपरात आली, तीही जागतिक सायकल दिनाच्या दिवशी बंद पडल्याची. मला वाटलं, आबाजींना वाईट वाटेल. त्यांनी फोनवर यवतमाळच्या व्यापाऱ्याला चार चेनव्हील आणि डझनभर कॉटर बाजूला काढून ठेवायला सांगितलं. ते गेले तेव्हा त्यातली तीन चेनव्हील शिल्लक होती.

दुकान आता काका चालवतो. कॉम्प्रेसर घेतलाय, मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरची पंक्चर काढतो, मोबाइलचं रिचार्जही करतो. हवेचे पाच रुपये घेतो म्हणून सुरुवातीला रोज वाद व्हायचे, "मिस्त्री होते तं हवेचे पैसे घेत नोते!" वैतागून काकानं आबाजींचा जुना हातपंप साखळीनं बांधून बाहेर ठेवला आणि सांगितलं, फुकट पाहिजे तं मारून घ्या. शाळेतली पोरं मारतात. बाकीचे पंपाकडं बघतात, उन्हाकडं बघतात आणि पाच रुपये देतात.