खरखर गिअरची, दुखणं क्लचचं

आमच्या सोसायटीत माझं पार्किंग भिंतीला लागून आहे, त्यामुळे सकाळी गाडी काढायची म्हणजे आधी रिव्हर्सच लागतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी रिव्हर्स टाकला आणि खालून 'खर्रर्र' असा आवाज आला. गंजलेलं शटर ओढल्यासारखा. गिअरच्या दांड्यातून ती थरथर तळहाताला जाणवली. पुन्हा टाकला, तेव्हा गिअर नीट पडला. म्हटलं, क्लच अर्धवट दाबला गेला असेल. पण आठवड्याभरात हे रोजचंच झालं.

गाडी ६ वर्षांची, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक. जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने एकदा रिव्हर्स टाकून बघितला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स खोलावा लागणार, ताई. १८-२० हजार धरून चाला." माझ्या पोटात गोळाच आला. पैशांपेक्षाही, धड चालणारा गिअरबॉक्स कोणी उगाच खोलू नये असं मनापासून वाटत होतं.

रात्री बाबांना फोन केला. त्यांची उभी हयात एसटी चालवण्यात गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून बघितलास का?" नव्हता बघितला. तशीच चप्पल घालून खाली गेले. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखा पडला. इंजिन सुरू केलं की पुन्हा खरखर.

"मग गिअरच्या आधी क्लच बघ," बाबा म्हणाले.

त्यांनी समजावलं ते असं. पुढच्या गिअरना सिंक्रोनायझर असतो. तो फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवून घेतो आणि मगच दाते अडकू देतो. बऱ्याच गाड्यांमध्ये रिव्हर्सला ही सोय नसते, तिथे सरळ दात्यांचं चाक सरकून थेट दुसऱ्या चाकात बसतं. क्लच दाबल्यावरही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची गती आत आणणारा दांडा, थोडा जरी फिरत राहिला, तरी दाते दात्यांवर घासतात. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नसेल, पेडल दाबूनही गिअरबॉक्स इंजिनपासून पुरता वेगळा होत नसेल, तर पुढचे गिअर ते बराच काळ झाकून नेतात आणि चुगली आधी रिव्हर्स करतो. गॅरेजवाल्याचं म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळभर गाडीपाशीच होते. आधी पेडलखालची चटई बघितली, कारण ती गोळा झाली तरी पेडल पूर्ण खाली जात नाही. चटई जागेवर होती. मग क्लच दाबून धरला आणि ५ आकडे मोजून रिव्हर्स टाकला. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात शाफ्ट थांबतो. खरखर आलीच. पहिला गिअर टाकून लगेच रिव्हर्स टाकला, तर आवाज नाही, पण मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबले की पुन्हा आवाज. म्हणजे थांबलेला शाफ्ट क्लच दाबलेला असूनही परत फिरायला लागत होता. शेवटी पेडल भराभर ३-४ वेळा पंप केलं आणि रिव्हर्स टाकला. अगदी गपचूप पडला!

इथे माझी खात्री पटली. पंप केल्यावर फरक पडतो म्हणजे दोष बहुधा क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत. हवा शिरलेली किंवा तेल कमी. बॉनेट उघडलं. माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लचला एकच टाकी आहे, आणि तेल 'मिन'च्या रेघेखाली गेलं होतं. हे बघून मात्र घाबरले, कारण तेच तेल ब्रेकलाही जातं. गाडी तिथेच उभी ठेवली.

ओळखीतून एक वयस्कर मेस्त्री घरी आले. त्यांनी आधी पेडलच्या वर हात घालून बघितलं. पेडल दाबलं की तेल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर गळत असेल तर ओल तिथे येते. कोरडं होतं. मग त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या, गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरवर टॉर्च मारली आणि त्याचं रबरी टोपण बोटाने मागे सारलं. आतून काळपट तेलाची धार त्यांच्या मनगटावर ओघळली. "हे बघा तुमचं दुखणं," ते म्हणाले.

स्लेव्ह सिलिंडर नवा बसवला. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, म्हणजे डॉट ४ तेल भरलं. हे तेल रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून त्यांनी फेंडरवर ओलं फडकं पसरून ठेवलं होतं. मग हवा काढायचं काम. मी सीटवर, ते खाली. "दाबा... धरून ठेवा... आता सोडा." निपल, म्हणजे हवा काढायचा स्लेव्ह सिलिंडरवरचा छोटा स्क्रू, बंद केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा उलटी आत जाते. सुरुवातीला पेडल आपोआप वर येईना, मी पायाने खालून उचलत होते. नळीतून बाटलीत बुडबुडे येत राहिले, मग विरळ झाले आणि थांबले. त्यासरशी पेडल पायाला घट्ट लागायला लागलं.

इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. ५ वेळा टाकून बघितला. सगळा खर्च २,८०० रुपये.

मागे जाताना बारीक 'ऊंऽऽ' असा सूर येतो, तो सरळ दात्यांचा असतो आणि पहिल्यापासूनच होता. त्याची काळजी नाही. काळजी होती ती इतके दिवस घासलेल्या दात्यांची. म्हणून मेस्त्रींना गिअर ऑइलही बदलायला सांगितलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता. त्यांनी तो अंगठ्यावर चोळून माझ्यापुढे धरला. गंधासारखा मऊ, त्यात लोखंडाची एकही कपची नव्हती.