आमची वाटचाल : आमचा दिवस सहाला उजाडतो

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये लेथ टाकून जॉबवर्क सुरू केलं, तेव्हा दिवस कुठे संपतो हा प्रश्नच नव्हता. सकाळी शटर वर, संध्याकाळी खाली. पुढे सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं आली, दुसरी पाळी आली, तरी रात्री १० ला सगळं थांबायचं. रजिस्टरवरची तारीख आणि भिंतीवरची तारीख एकच.

बेळगावजवळ मच्छेला फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, टाकली आणि हे बिनसलं. धातू वितळवणारी इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेचा राक्षस. एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनला रात्री १० ते सकाळी ६ चं युनिट स्वस्त पडायचं, म्हणून मेल्टिंग आम्ही रात्रीवर नेलं. पाळ्या तीन : ६ ते २, २ ते १०, १० ते ६. दुसऱ्या पाळीने मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे, करून ठेवायचं, तिसरीने ओतायचं.

हीट कोड, म्हणजे नग कधीच्या ओतीचा हे सांगणारे आकडे, कास्टिंगवर (ओतलेल्या नगावर) उठतो, पण तो ओतताना टाकता येत नाही. साचा घेतानाच पॅटर्नवर, म्हणजे नगाच्या नमुन्यावर, आकडे बसवावे लागतात. म्हणजे रात्री ९ ला बंद केलेल्या बॉक्समध्ये १४ तारखेचा कोड, आणि त्यात धातू पडतो रात्री दीडला, कॅलेंडरने १५ ला. कास्टिंगवर १४, मेल्टिंगच्या वहीत १५, आणि धातूतले घटक तपासणाऱ्या स्पेक्ट्रो मशीनच्या रिपोर्टवर ऑपरेटरच्या मनात येईल ते. शिवाय १५ या एकाच तारखेत एका रात्रीचं शेपूट आणि दुसऱ्या रात्रीचं तोंड. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाकडून ब्लोहोलचे (आत हवेची भोकं राहिलेले) नग परत आले, तेव्हा '१५ तारखेची रात्रपाळी' म्हणजे नक्की कोणती, यावर दोन सुपरवायझर वहीवर बोट ठेवून भांडले. दोघांचंही आपापल्या परीनं बरोबर होतं.

तेव्हा ठरवलं : आपला उत्पादनाचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६. रात्रपाळी ज्या तारखेला सुरू झाली, त्या तारखेची. नग ज्या पाळीत ओतला त्या पाळीचा, नॉकआउट (साचा फोडणं) आणि फेटलिंग (नग साफ करणं) पुढे कोणीही करो. सूचना कन्नडमध्ये लावली आणि पाळी बदलताना दोन्ही भाषांत समजावून सांगितली. सगळ्यात आधी पटलं ते आमच्या येळ्ळूरच्या जुन्या मोल्डरला. "पंचांगात वार सूर्योदयालाच बदलतोय की मालक, बाराला कुठं बदलतोय?" म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

हजेरीचं काय, ही धास्ती होती. पण १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ५७ हेच सांगत होतं : पाळी मध्यरात्रीच्या पुढे गेली, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून २४ तास. सुट्टीचंही तसंच. शनिवारी रात्री कामावर आलेल्याचा रविवार सुरू होतो रविवारी सकाळी ६ ला आणि चालतो सोमवारी ६ पर्यंत. ओव्हरटाइमचे निम्मे वाद इथेच मिटले. राहिली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. ती बेळगावात उजाडेपर्यंत चालते आणि रात्रपाळीत तेव्हा माणूस मिळत नाही. पूर्वी त्या एका रात्रीला दोन तारखांच्या रजेचे अर्ज यायचे. आता एक रात्र, एक रजा.

बायोमेट्रिक मशीनने मात्र छळलं. ते बाराला दिवस मिटवायचं, म्हणून रात्रपाळीवाल्याचं येणं एका तारखेला, जाणं दुसऱ्या तारखेला, आणि दोन्हीकडे 'मिस पंच', म्हणजे एक नोंद कमी. सेटिंगमध्ये दिवसाची सुरुवात बदलता येते हे विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. एक्सेलमध्ये काम त्याहून सोपं निघालं. नोंदीच्या वेळेतून ०.२५ वजा करायचे, म्हणजे पाव दिवस, सहा तास, आणि उरलेल्याचा पूर्णांक घ्यायचा. १५ तारखेचे रात्रीचे अडीच होतात १४ तारखेचे रात्रीचे साडेआठ. तारीख आली १४. एवढं सूत्र कळल्यावर महागडं सॉफ्टवेअर घ्यायचा विचार मी बरीच वर्षं पुढे ढकलला.

हा दिवस फक्त शेडच्या आतला. गेटबाहेर सरकारचं घड्याळ. इनव्हॉइस कॅलेंडरच्या तारखेनेच निघतं. माल वाहून न्यायच्या ई-वे बिलाचा पहिला दिवसही, बनवलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीला संपतो. कोल्हापूरकडे कागल-शिरोलीला जाणारी आमची गाडी राज्याच्या हद्दीवरची कोगनोळी ओलांडते ती या हिशोबाने. टेस्ट सर्टिफिकेटवर म्हणून आम्ही 'उत्पादन दिनांक' आणि 'पाठवल्याचा दिनांक' असे दोन वेगळे रकाने केले. ३१ मार्चला तर दोन्ही घड्याळं एकमेकांवर आदळतात. ऑडिटरला साठा हवा मध्यरात्रीचा, आमची वही बंद होते १ एप्रिलच्या सकाळी ६ ला. त्या रात्री बाराच्या ठोक्याला फर्नेसमध्ये किती, बॉक्समध्ये किती, लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) किती, हे अकाउंटंट स्वतः उभा राहून लिहितो. भट्टी बंद ठेवा असं तो दरवर्षी सुचवतो. पण भट्टीचं आतलं अस्तर (लायनिंग) थंड होऊन पुन्हा तापवायचा खर्च त्याच्या पगारातून जात नाही.

मशीन शॉप अजून दोनच पाळ्यांवर आहे आणि तिथली पहिली पाळी ७ ला लागते, कारण खानापूरकडच्या मुलांना ६ ला पोचणारी बस नाही. दिवस तरीही ६ चाच धरतो. तिसरी पाळी सुरू करायची झाली, तर आधी त्या मुलांच्या गाडीची सोय करावी लागेल. भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे, दर अजून पटलेला नाही.