खिडकी बंद का असते?

"फोंताइन्यासमध्ये राहता आणि रस्त्याकडची खिडकी बंद?" पणजीत आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

पणजीतली ही जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती मला आवडत नाही, असं मात्र समजू नका. पंचवीस वर्षांपूर्वी रस्त्यात भेटेल त्याला मीच फिरवून आणायचो. अल्तिनो टेकडीच्या पायथ्याचा फिनिक्सचा झरा दाखवायचो. वस्तीचं नाव झऱ्यावरूनच पडलं; पोर्तुगीजमध्ये फोंताइन्यास म्हणजे छोटे झरे. इथे आधी माडांची बाग होती. मोझांबिकहून परतलेल्या सिकेराची, ज्याला लोक मोसमीकार म्हणत. शेवटी सान सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, न्यायचो. तिथला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे. ते पाहून माणसं गप्प होत. मला अभिमान वाटायचा.

आईला पक्षाघात झाला तेव्हा तिची खुर्ची खिडकीशी ठेवली. उजवा हात गेला होता, बोलणं गेलं होतं. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की तिचा चेहरा खुलायचा, तेवढंच. एका सकाळी मी आत पेज ढवळत होतो. बाहेर हसण्याचे आवाज आले. येऊन बघतो तर खिडकीखाली लांब झग्यातली मुलगी उभी, समोर कॅमेरावाला, आणि आई डाव्या हाताने पदर तोंडावर ओढू बघतेय. पदर पोचत नव्हता.

"आजी काय सुंदर आल्यात!" म्हणत त्याने फोटो दाखवला. पिवळी भिंत, निळी खिडकी, आईच्या ओठाच्या कडेला लाळ. मी म्हटलं, काढून टाका. त्याने माझ्यासमोर काढला, माफीही मागितली. वाईट माणसं नव्हती ती. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी डोळ्यांनीच खिडकी दाखवली. मी लावली. पुढे चार महिने ती होती. पुन्हा उघडायला तिने सुचवलं नाही.

बहीण म्हणते, हा हट्ट आहे. पर्यटक आले म्हणून ही चिऱ्याची घरं उभी आहेत, नाहीतर कौलं बदलायला पैसा कुठून आला असता? खरं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी तर त्या दोघांना आत बोलावून चहा दिला असता. तेव्हाचा मी चुकत होतो, असं आजही म्हणवत नाही. पण आईला तिथे बसवलं मीच.

पाऊस संपला की भिंत रंगवायची आहे. पिवळा आईने निवडला होता. तोच लावायचा की फिका, अजून ठरत नाही.