पटाशीवरचं नाव मी शेवटी वाचतो

पुण्याच्या जुन्या बाजारात शेफील्डची, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादासाठी नावाजलेल्या शहरातली पटाशी (सुताराची सपाट पात्याची छिन्नी) हाती लागली की विकणारा आधी नावावर बोट ठेवतो. "साहेब, इंग्रजांच्या काळातली आहे, नाव बघा की!" मी नाव सगळ्यात शेवटी बघतो. नावं विकली जातात आणि मूळ मालक गेल्यावरही चालत राहतात. 'आय. सॉर्बी' आणि शेजारी बाकदार नाकाचा मिस्टर पंच (इंग्रजी कळसूत्री खेळातलं पात्र) असा शिक्का दिसला की लोक खूश होतात. पण हे नाव पुढे टर्नर-नेलर कंपनीकडे गेलं आणि १९०९ मध्ये ती कंपनीच मार्पल्स या शेफील्डच्याच हत्यारवाल्यांनी घेतली. त्यानंतरही पंच छापला जातच होता. म्हणजे एकट्या नावावरून वय सांगणं कठीण.

नावाच्या आजूबाजूचं जास्त बोलतं. मार्पल्सच्या पुढे 'अँड सन्स' असेल तर पटाशी १८६० नंतरची, कारण मुलं धंद्यात आली ती तेव्हा. 'इंग्लंड' असं देशाचं नाव असेल तर बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि निर्यात करणाऱ्यांनी ते ठोकायला सुरुवात केली. नुसतंच 'शेफील्ड' असेल तर घाईने काही ठरवू नये.

'कास्ट स्टील' वाचून आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, "बिडाची आहे, तुटेल." बीड नव्हे हो! १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं, म्हणून त्याने ते मातीच्या मुशीत वितळवून ओतलं. हे ते पोलाद. पुढे शेफील्डवाले हा शिक्का मिरवू लागले. जुन्या पात्याच्या उतारावर नीट पाहिलं तर लोखंड आणि पोलाद यांच्या सांध्याची बारीक रेघ दिसते. धार धरायला पोलाद, मार खायला लोखंड.

चित्रांपैकी चटकन ओळखू येतात ती मार्पल्सचं तीन पानांचं शॅमरॉक (एक छोटी रानवनस्पती), रॉबर्ट सॉर्बीचा कांगारू आणि स्वीडनच्या एस्किल्स्तुनातल्या बर्गचा शार्क. मुठीवर ठोकलेलं नाव मात्र बहुतेक वेळा कारागिराचं असतं, कारखान्याचं नाही. आपल्याकडे मूठ बदललेलीच असते, तेव्हा तो प्रश्न मिटतो.

आणि कृपा करून पटाशी ग्राइंडरला लावू नका. वायर ब्रशसुद्धा नको, शिक्का उथळ असेल तर दोन मिनिटांत जातो. रॉकेलमध्ये भिजवा, सुती फडक्याने पुसा, वरून खडूची पूड चोळा आणि मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. अक्षरं वर येतात.

सध्या डब्यात एक पाऊण इंची पडली आहे. 'सॉर्बी' स्पष्ट आहे, आधीचं अक्षर गंजाने खाल्लंय. शेजारच्या डागात मला कांगारूची शेपटी दिसते, बायकोला पंचाचं नाक. अजून आठवडाभर भिजू देणार आहे.